वाचनालयाचे दोन डबे: प्रकल्प नोंदी

शनिवार, 4 जानेवारी 2025

सकाळी वाचनालयात जाऊन यंत्र बघितलं. आय-थ्री, 8 जीबी रॅम, एका सभासदाने देणगी दिलेली 256 जीबीची एसएसडी. टेबलाखाली पायपुसण्यावर ठेवलेलं. सभासद-नोंदीचा प्रोग्रॅम मीच कॉलेजात असताना लिहिला होता, फ्लास्क (पायथनमधला वेब प्रोग्रॅमचा सांगाडा) आणि पोस्टग्रेस (नोंदी साठवणारा डेटाबेस) यांवर, थेट यंत्रावर बसवलेला. दिवाळीत कुणीतरी उबुंटू ही यंत्राची लिनक्स प्रणाली नव्या आवृत्तीवर चढवली, पायथनची आवृत्ती बदलली आणि प्रोग्रॅमने डोळे मिटले. दोन महिने पावत्या पुन्हा हाताने फाडताहेत.

तेव्हा ठरवलं, या वेळी सगळं कंटेनरमध्ये. खालचं यंत्र कसंही बदलो, प्रोग्रॅमला लागणारा पायथन, लायब्ऱ्या (तयार कोडचे संच), फाँट त्याच्याबरोबरच राहतील. ग्रंथपाल ताईंना समजावताना म्हटलं, हा जेवणाचा डबा समजा. एका डब्यात प्रोग्रॅम, एका डब्यात नोंदी. तेव्हापासून आमच्यात ‘डबा’ हाच शब्द रूढ झालाय.

ताईंनी एकच अट घातली, ती शब्दशः लिहून ठेवतो: “लाइट गेली आणि आली की आपलं आपण चालू झालं पाहिजे. मला त्या काळ्या खिडकीत काही टाइप करायला लावू नकोस.”

बाकी काहीही जमलं आणि हे जमलं नाही, तर प्रकल्प फसला.

(कमांड, फाइलींची नावं सगळं देवनागरीत लिहितोय. ही वही वाचनालयातच राहणार आहे आणि ती ताईंना वाचता आली पाहिजे.)

रविवार, 5 जानेवारी

कंटेनर चालवायला डॉकर की पॉडमन? ऑफिसात डॉकर रोजच्या हातातला. पण डॉकरचा एक डिमन (पडद्यामागचा प्रोग्रॅम) सतत रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालतो आणि ज्याला डॉकरच्या गटात घातलं त्याला जवळपास रूटचेच अधिकार मिळतात. या यंत्रावर लिपिक मामा टायपिंग करतात, अभ्यासिकेची मुलं अधूनमधून पेन ड्राइव्ह लावतात. नको. पॉडमनला डिमन नाही, साध्या वापरकर्त्याच्या नावावर कंटेनर चालतात. प्रतिमा (ज्यांवरून डबे तयार होतात ते साचे) दोघांच्या एकाच ओसीआय या खुल्या मानकाच्या, म्हणजे उद्या मन बदललं तरी केलेलं वाया जात नाही.

उबुंटू 24.04 च्या भांडारात पॉडमन 4.9.3 आहे. तेच घेतलं. नवी आवृत्ती 5 बाहेरून आणून बसवता आली असती, पण माझ्यामागे या यंत्राकडे बघणारा कुणी नाही. जे आपोआप अद्ययावत होतं तेच बरं.

पहिलीच ठेच: ‘पॉडमन पुल पोस्टग्रेस’ (प्रतिमा उतरवण्याची कमांड) म्हटल्यावर त्याने विचारलं, कुठलं पोस्टग्रेस? डॉकर अशा वेळी मुकाट डॉकर हब या प्रतिमांच्या कोठारावर जातो. पॉडमनला पूर्ण पत्ता लागतो: आधी रजिस्ट्रीचं (कोठाराचं) नाव, मग त्यातला ‘लायब्ररी’ हा विभाग, मग प्रतिमा. सुरुवातीला कटकट वाटली. पण पाकिटावर नुसतं ‘पाटील, महाराष्ट्र’ लिहून टाकलं तर पोस्टमन तरी काय करणार?

शनिवार, 18 जानेवारी

पुण्यात, घरच्या लॅपटॉपवर बिल्ड, म्हणजे प्रतिमा बांधणं. वाचनालयातलं इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, म्हणून प्रतिमा इथे बांधायची, ‘पॉडमन सेव्ह’ने एका फाइलीत काढायची, पेन ड्राइव्हवर न्यायची आणि तिथे ‘पॉडमन लोड’ करायची असा बेत.

पहिला बिल्ड पायथनच्या पूर्ण प्रतिमेवर केला. नुसता पायाच एक जीबीच्या आसपास. ‘स्लिम’ ही काटछाट केलेली प्रतिमा घेतल्यावर पाया दीडशे एमबीच्या आत आला.

कंटेनरफाइलमध्ये (प्रतिमा बांधण्याच्या कृतीत) नवशिक्याची चूक केली होती: आधी सगळा कोड आत कॉपी, मग पायथनच्या लायब्ऱ्या. त्यामुळे पानावरचा एक शब्द बदलला तरी सगळ्या लायब्ऱ्या पुन्हा उतरायच्या. बिल्ड थराथराने होतो आणि एक थर बदलला की त्याच्या वरचे सगळे नव्याने रचावे लागतात. आता आधी फक्त लायब्ऱ्यांची यादी कॉपी, मग त्या बसवणं, शेवटी कोड. पाच मिनिटांचा बिल्ड काही सेकंदांवर आला. शिवाय काय आत घ्यायचं नाही ते सांगणारी ‘.कंटेनरइग्नोर’ फाइल ठेवली, नाहीतर चाचणीसाठी घेतलेली खऱ्या सभासदांची नावं-पत्ते प्रतिमेत गेले असते. गेलेच होते. ती प्रतिमा लगेच पुसली.

रविवार, 26 जानेवारी

झेंडावंदनानंतर पेन ड्राइव्ह लावला. लोड झालं. चालवलं. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’.

दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग लख्ख पडलं. माझा लॅपटॉप एम-वन मॅक. मॅकवर पॉडमन एका छोट्या लिनक्स आभासी यंत्रात चालतो आणि ते यंत्र आर्म जातीच्या प्रोसेसरचं. वाचनालयातला आय-थ्री इंटेल. मी दीडशे किलोमीटर दुसऱ्याच प्रोसेसरची प्रतिमा घेऊन आलो होतो. बिल्ड करताना प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/एएमडी64’ (इंटेललाही हेच नाव) असं स्पष्ट सांगायला हवं होतं. सांगितलं की मॅकवर बिल्ड अनुकरणातून होतो आणि बैलगाडीच्या चालीने चालतो, पण चालतो.

मामांनी विचारलं, “झालं का?” म्हटलं, “मामा, इंजिन डिझेलचं निघालं, टाकी पेट्रोलची.” त्यांना लगेच कळलं.

शनिवार, 8 फेब्रुवारी

पावत्यांचा दिवस. पावतीची पीडीएफ वीझीप्रिंट बनवतं. स्लिम प्रतिमेत आधी ते उठेचना, कारण त्याला पँगो (अक्षरं मांडणारी लायब्ररी) लागतं आणि स्लिममध्ये ते नसतं. ते घातलं. मग पीडीएफ आली, पण सगळीकडे चौकोन. सभासदाचं नाव चौकोन, ‘रुपये’ चौकोन, फक्त आकडे नीट.

कारण साधं आहे. स्लिममध्ये देवनागरी फाँटच नसतात. माझ्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट आहेत म्हणून डब्यातही असतील असं मी धरून चाललो. डब्यात जे घातलं तेवढंच असतं, हे ताईंना मीच शिकवलं होतं.

लोहित देवनागरी हा फाँट घातला, अक्षरं आली. छापून ताईंना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. उत्तर: “छान. पण हा ल हिंदीतला आहे. श पण.”

बघितलं तर खरंच. मराठी वळणाचा ल आणि श वेगळे. पानाच्या सुरुवातीला भाषा मी ‘हिंदी’ लिहिली होती, जुन्या नमुन्यावरून उचललेली. फाँट बदलून नोटो घेतला, भाषा ‘मराठी’ केली. ल आणि श दोन्ही आपल्या वळणाचे आले. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र सुद्धा नीट. असले दोष टेस्टमध्ये सापडत नाहीत. सापडतात ते चाळीस वर्षं मराठी पुस्तकं हाताळलेल्या माणसाच्या नजरेत.

गुरुवार, 27 फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. कार्यक्रमासाठी सभासदांची आडनावानुसार यादी फलकावर लावायची होती. चाचणीच्या डब्यातून यादी काढून ताईंना पाठवली. क्षीरसागर ‘क’मध्ये. काळे कासारांच्या आधी.

वाचनालयाच्या नोंदवहीत क्रम ठरलेला: ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. म्हणजे काळे हे कासारांच्या नंतर आणि क्षीरसागर सगळ्यांच्या शेवटी.

मी जागा वाचवायला पोस्टग्रेसची अल्पाइन (अगदी छोट्या लिनक्सवरची) प्रतिमा घेतली होती. अल्पाइनमधली मसल ही सी लायब्ररी भाषावार क्रम लावतच नाही. अक्षरांच्या संकेतांकानुसार यादी येते. डेबियन या मोठ्या लिनक्सवरची पोस्टग्रेस 16 ची प्रतिमा घेतली. तिच्यातही नुसत्या इंग्रजी लोकेलने (भाषेच्या सेटिंगने) भागत नाही. आडनावाच्या रकान्याला आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) लावलं आणि क्रम वहीसारखा झाला. डेटा फोल्डर मात्र तसाच उचलून नव्या प्रतिमेला जोडला नाही. पूर्ण डंप (सगळ्या नोंदींची प्रत) काढून नव्या डब्यात भरला. एका लायब्ररीने रचलेले इंडेक्स (शोधसूची) दुसरीच्या हाती देणं म्हणजे संकट मागवणं.

फलकावर शेवटी हाताने लिहिलेली यादीच लागली. माझी दुपारी तयार झाली.

रविवार, 2 मार्च

आज बसवलं. पुढची गोष्ट लाजिरवाणी आहे, पण लिहितोच.

सकाळपासून सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. टेबलावरच्या दुसऱ्या यंत्रावरून पत्ता उघडतोय, पावती छापली जातेय. पोर्ट 80 ची (वेब पानांच्या नेहमीच्या दाराची) गाठ होती: साध्या वापरकर्त्याला 1024 च्या खालचे पोर्ट वापरता येत नाहीत आणि मामांना पत्त्यापुढे ‘8080’ टाइप करायला लावायचं नव्हतं. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) एक सेटिंग बदलून 80 पासूनचे पोर्ट मोकळे केले. ताईंनी चहा दिला. मी लॉग-आउट केलं, बॅग उचलली, स्टँडवर आलो.

बस फलाटावर लागत होती तेवढ्यात फोन. “अरे, बंद पडलं रे.”

परत गेलो. लॉग-इन केलं, कंटेनर बंद. चालू केले. व्यवस्थित. लॉग-आउट केलं. बंद!

साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवतोय हा ज्याचा गुण, त्याचाच हा दुसरा पैलू. त्या वापरकर्त्याचं शेवटचं सत्र संपलं की सिस्टमडी (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी व्यवस्था) त्याच्या सगळ्या प्रक्रिया आवरून घेतं. ‘लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर’ ही एक ओळ त्या खात्याला द्यायची होती. मग खातं लॉग-इन नसतानाही त्याच्या सेवा चालू राहतात, आणि यंत्र सुरू होतानाच उठतात. एक ओळ. साडेपाचची बस गेली, आठची मिळाली.

शनिवार, 15 मार्च

धुळवडीला जोडून सुट्टी, हात अजून गुलाबी.

ताईंच्या अटीची खरी परीक्षा. भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. यंत्र उठलंच नाही. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर चालू व्हा’ ही सेटिंग बंद होती. ती चालू केली. म्हणजे अटीचा पहिला अर्धा भाग कंटेनरचा नव्हताच.

यंत्र उठलं, कंटेनर नाहीत. मी ‘रीस्टार्ट ऑल्वेज’ लिहिलं होतं. डॉकरमध्ये ते पुरतं, कारण डिमन उठला की तो सगळ्यांना उठवतो. पॉडमनमध्ये तसा उठवणारा डिमनच नाही. ते काम सिस्टमडीला द्यायचं, आणि त्यासाठी क्वाडलेट आहे: 4.4 आवृत्तीपासून पॉडमनच्या आतच आलेली सोय. प्रत्येक डब्याची एक छोटी फाइल लिहायची: कुठली प्रतिमा, कुठला पोर्ट, कुठला व्हॉल्यूम (नोंदी साठवण्याची जागा). ती होम फोल्डरातल्या ठरलेल्या जागी ठेवायची. सिस्टमडी तिच्यावरून सेवा तयार करतं.

इथे तीन ठिकाणी अडलो.

एक, दोन्ही डबे मी एका पॉडमध्ये (डब्यांच्या जुडीत) ठेवले होते. पॉडमधल्या कंटेनरांचं नेटवर्क एकच असतं, प्रोग्रॅमला पोस्टग्रेस ‘लोकलहोस्ट’वर सापडतो. सुंदर. पण क्वाडलेटमध्ये पॉडची फाइल 5.0 पासून आहे आणि आपलं 4.9. मग पॉड मोडला, दोघांना एका नेटवर्कवर ठेवलं, पत्ता म्हणून कंटेनरचं नाव वापरलं.

दोन, ‘सिस्टमसीटीएल एनेबल’ चालेना. सेवा जनरेटरने बनवलेली आहे, एनेबल करता येणार नाही, असं म्हणतो. अर्धा तास गेल्यावर कळलं की ती गोष्ट फाइलीतच ‘इन्स्टॉल’ विभागात लिहायची असते. फाइल बदलली की ‘डिमन-रीलोड’, बस.

तीन, वीज आल्यावर प्रोग्रॅम पोस्टग्रेसच्या आधी तयार व्हायचा आणि ‘जोडणी नाकारली’ म्हणून मरायचा. क्वाडलेटमध्ये ‘त्याच्यानंतर’ असं लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ एवढाच की तो डबा सुरू झाल्यानंतर. डबा सुरू होणं आणि पोस्टग्रेस ग्राहक घ्यायला तयार होणं यात काही सेकंद जातात, आणि वीज झटक्यात गेली असेल तर जास्तच, कारण तो आधी आपल्या लॉगवरून मागचं सावरतो. प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये वाट बघणारा लूप घातला: पोस्टग्रेस तयार आहे का, नसेल तर दोन सेकंद थांब, पुन्हा विचार.

त्याच स्क्रिप्टमध्ये शेवटच्या ओळीत गनिकॉर्न (प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर) याच्या आधी ‘एक्झेक’ लिहिलं. ते नसलं की थांबण्याचा इशारा स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेलला मिळतो, तो पुढे पोचवत नाही, पॉडमन दहा सेकंद थांबतो आणि मग मानगूट धरतो.

बटण अकरा वेळा बंद-चालू केलं. मामा म्हणाले, “आता पुरे, नाहीतर यंत्रच जाईल.” अकराव्यांदाही आपलं आपण उठलं. बटण दाबल्यापासून पान उघडेपर्यंत एक मिनिट दहा सेकंद.

रविवार, 16 मार्च

बॅकअप. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर मी होममधल्या एका साध्या फोल्डरला जोडलं होतं, की सरळ कॉपी करता येईल. कॉपी करायला गेलो तर परवानगी नाही. माझ्याच घरात मला! फोल्डरचा मालक 100998 नावाचा कुणी.

गणित असं. डब्याच्या आतला रूट म्हणजे बाहेरचा मी. आतला वापरकर्ता 1 म्हणजे बाहेरचा 100000, आणि तिथून पुढे मोजत जायचं. आतला पोस्टग्रेस 999 क्रमांकाचा. म्हणून बाहेर 100998. हा उपक्रमांकांचा पट्टा खात्याला आधीच नेमून दिलेला असतो, 65536 क्रमांकांचा. डब्यातून कुणी बाहेर निसटलाच तर तो बाहेर रूट नसतो, हाच तर फायदा.

‘पॉडमन अनशेअर’ने त्या नजरेतून फोल्डर बघता येतं. पण मुळात चालू डेटाबेसचं फोल्डर कॉपी करणं हाच चुकीचा विचार होता. साधा व्हॉल्यूम केला, आणि रोज रात्री नऊला ‘पॉडमन एक्झेक’मधून पीजी-डंप. सात दिवसांच्या फाइली, शनिवारची मामा पेन ड्राइव्हवर घेतात. ते खिडकीत टाइप करत नाहीत, नुसती फाइल ओढतात.

रविवार, 30 मार्च

गुढीपाडवा. सुरू केलं. पहिली पावती ताईंच्या वर्गणीची.

शनिवार, 19 एप्रिल

अभ्यासिकेतल्या एमपीएससीच्या मुलांची तक्रार: पहाटे पाचला येणाऱ्यांची हजेरी आदल्या दिवशीची लागते. सात वाजता येणाऱ्यांची बरोबर.

साडेपाच तासांचा फरक म्हणताच कळलं. डबा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, जगतो. पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस. प्रोग्रॅमच्या डब्याला वेळ-क्षेत्र आशिया/कोलकाता दिलं. तरीही तेच! कारण हजेरीची तारीख प्रोग्रॅम देत नाही, पोस्टग्रेस स्वतः भरतो, आणि पोस्टग्रेस आपलं वेळ-क्षेत्र डेटाबेस पहिल्यांदा बनतानाच सेटिंग फाइलीत लिहून ठेवतो. नंतर डब्याला काही सांगून उपयोग नाही. डेटाबेसलाच आज्ञा देऊन बदललं. जुन्या नोंदींत नेमकी वेळही साठवलेली होती, म्हणून त्या दुरुस्त करता आल्या.

मी स्वतः या अभ्यासिकेत पाचला यायचो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

शनिवार, 31 मे

यंदा पाऊस मेमध्येच आला. ताईंचा हिशेब: या आठवड्यात वीज चौदा वेळा गेली. फोन एकदाही नाही. मीच न राहवून केला.

डिस्क बघितली: जुन्या, बेनावाच्या प्रतिमा 9 जीबी. ‘पॉडमन इमेज प्रून’ने पुसल्या. पुढे दर खेपेला करायचं.

शनिवार, 30 ऑगस्ट

गणपतीला घरी आलोय. आरती झाल्यावर तासभर वाचनालयात. म्हटलं, सुरक्षा सुधारणा आल्या असतील, पोस्टग्रेसची प्रतिमा ताजी करू. टॅग (प्रतिमेच्या आवृत्तीची चिठ्ठी) तोच, ‘16’. ओढली, सेवा पुन्हा सुरू केली. चाललं. लॉग बघितला तर इशारा: डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती जुळत नाही, बनवताना 2.36, आता 2.41.

टॅग तोच, पण आतला पाया डेबियन 12 वरून 13 वर गेला होता. याच महिन्यात डेबियन 13 आलं. पायाबरोबर सी लायब्ररी बदलली, आयसीयूही बदललं, आणि अक्षरांच्या क्रमाचे नियम तिथेच असतात. जुन्या नियमांनी रचलेला इंडेक्स नव्या नियमांनी शोधला तर असलेलं नाव ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं. फेब्रुवारीत मी शहाणपणाने टाळलेली चूक, ऑगस्टमध्ये मागच्या दाराने आत आली.

बिघडलेलं काही दिसलं नाही. तरी आधी डंप, मग सगळे इंडेक्स नव्याने, मग कोलेशनची आवृत्ती ताजी केल्याची नोंद, डेटाबेसची आणि मराठी कोलेशनची वेगळी. तीन हजार सभासदांना काही सेकंद. क्वाडलेटच्या फाइलीत टॅग आता ‘16-ट्रिक्सी’ (ट्रिक्सी म्हणजे डेबियन 13). पाया बदलायचा तेव्हा मी बदलीन.

घरी पोचेपर्यंत आईने नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं होतं.

शनिवार, 6 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. संध्याकाळी सातला ताईंचा फोन. पोटात गोळा.

“अरे, मिरवणुकीत कुणीतरी तारेला धक्का लावला. सगळ्या पेठेची लाइट गेली होती.”

“मग? उठलं का?”

“उठलं की. ते नाही रे. पावतीवर खाली ‘आभारी आहोत’ आहे ना, तिथे ‘आहोत’च्या पुढे पूर्णविराम नाही.”

पुढच्या खेपेची कामं: पूर्णविराम. शनिवारच्या पेन ड्राइव्हवरचा डंप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष भरून बघणे, हे अजून एकदाही केलेलं नाही. यूपीएसची बॅटरी, मामा दर विचारून ठेवणार आहेत.